निकालानंतर जिवाची घालमेल होतेय? या चुका टाळा

मतमोजणी संपते, पण डोक्यातली गणितं थांबत नाहीत. कोण कुणाला पाठिंबा देणार, कोणती धोरणं बदलणार, आपल्या नोकरीचं काय? अशा वेळी पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बातम्यांचा रतीब लावणं. पुढच्या अपडेटमध्ये चित्र स्पष्ट होईल, असं दर वेळी वाटतं. बेल्जियममध्ये जून २०१० च्या निवडणुकीनंतर नवं सरकार यायला ५४१ दिवस लागले. तेवढे दिवस दर पाच मिनिटांनी फोन उघडणाऱ्याच्या हाती काय लागलं असेल? ‘सूत्रांची माहिती’!

२०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेत एक पाहणी झाली. पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं, स्फोटाच्या जागी हजर असलेल्यांपेक्षाही जास्त दिसली. निवडणूक म्हणजे स्फोट नव्हे, हे कबूल. पण तेच ते पाहत राहण्याची सवय दोन्हीकडे सारखीच. बातम्यांना दिवसात दोन वेळा ठरवून द्या. बातमी वाचा, चॅनेलवरच्या आरडाओरड्यातून माहिती कमी आणि धडधड जास्त मिळते. नोटिफिकेशन बंद करा आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

दुसरी चूक म्हणजे ‘आता सगळं संपलं’ असं धरून चालणं आणि त्या तिरमिरीत राजीनामा देणं किंवा गुंतवणूक मोडणं. १९९४ च्या टेक्सास गव्हर्नर निवडणुकीत मतदारांना मानसशास्त्रज्ञांनी आधीच विचारून ठेवलं होतं, तुमचा उमेदवार हरला तर किती वाईट वाटेल? महिन्याभराने पाहिलं, तर हरलेल्या बाजूचे लोक स्वतःच्या अंदाजाइतके दुःखी नव्हतेच. मोठे निर्णय महिनाभर लांबणीवर टाका. नव्या धोरणाची खरोखर झळ बसणार असेल, तर प्रत्यक्ष आदेश काय निघतो ते पाहून कागदपत्रांच्या तयारीला लागा.

फॅमिली ग्रुपवर रात्री अकराला काकांचं मत बदलायला जाऊ नका, ते बदलत नाही. आपली बाजू जिंकली असेल तर हरलेल्यांना डिवचूही नका. उद्या त्यांच्याच शेजारी बसून काम करायचंय.

झोप उडालीय म्हणून संध्याकाळी कॉफी ढोसणं हा उलटा उपाय. तिच्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. दोन आठवडे झाले तरी झोप, भूक ताळ्यावर येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र त्याच दिवशी.