कॅव्हन्साइट ओळखावा कसा, सांभाळावा कसा

पुण्याच्या नगर रस्त्यावरच्या वाघोलीतल्या दगडखाणींमधून निघालेला निळा, वाटाण्याएवढा गोळा जगभरच्या संग्रहांत पोहोचला आहे. कॅव्हन्साइट हे त्याचे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या सुरुवाती जोडून झाले. हे खनिज पहिल्यांदा सापडले अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, ओवायही तलावाजवळ आणि गोबल या गावी. १९७३ मध्ये स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे यांनी त्याचे आणि त्याच्या जुळ्या भावाचे, पेंटॅगोनाइटचे, शास्त्रीय वर्णन छापले. ओरेगॉनचे नमुने लहान आणि मोजके. १९८० च्या दशकाच्या शेवटी वाघोलीतून भरपूर माल निघाला, आणि तेव्हापासून कॅव्हन्साइट म्हटले की संग्राहकाच्या डोळ्यांपुढे वाघोलीच येते.

पुढचे सगळे ज्यांच्या हातात नमुना आहे किंवा जे विकत घेणार आहेत त्यांच्यासाठी. सुरुवातीलाच एक सवय लावून घ्यावी: निळा गोळा पाहण्याआधी तो कशावर आणि कसा बसला आहे ते पाहावे. ओळख, खरेखोटे, धुणे, बांधणे या सगळ्यांत ही बैठकच उपयोगी पडते.

हा बसतो कुठे

दख्खनचा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, काही प्रवाहांचे तुकडे होऊन पुन्हा चिकटले. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक आणि तुकड्यांचा ब्रेशिया, या दोन्हींत पाणी फिरायला जागा असते. पुढे गरम पाणी या पोकळ्यांतून फिरले आणि भिंतींवर झिओलाइटचे, म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकेट खनिजांचे, थर चढले. हिरा नावाच्या घट्ट काळ्या पाषाणात, म्हणजे ज्याची उत्तम खडी होते त्यात, कॅव्हन्साइट शोधणे व्यर्थ आहे. खाणवाल्याला नकोसा असलेला, लालसर किंवा हिरवट, ठिसूळ पट्टा दिसला तर तिथे पाहावे.

बसाल्टमध्ये व्हॅनेडियम असतेच, दर टनामागे काहीशे ग्रॅम. मग कॅव्हन्साइट सगळीकडे का नाही? कारण त्याला व्हॅनेडियम एका ठरावीक अवस्थेत लागते, चार संयुजेच्या. तीन संयुजेचे व्हॅनेडियम मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांत अडकून राहते. पाण्यात ऑक्सिजन जास्त झाला की ते पाच संयुजेचे होते आणि वेगळ्याच वाटेला लागते. या दोन टोकांच्या मध्ये परिस्थिती टिकली, सोबत कॅल्शियम आणि विरघळलेली सिलिका असली, तरच हा निळा रंग उमटतो. पुणे परिसरातल्या हिरव्या अपोफिलाइटचा रंगही व्हॅनेडियमचाच. फरक इतका की अपोफिलाइटमध्ये ते चिमूटभर भेसळ म्हणून आहे, कॅव्हन्साइटमध्ये ते घरचेच आहे: वजनाच्या सुमारे ११ टक्के. पाणी सुमारे १६ टक्के. हा १६ चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे धुण्याच्या वेळी लागेल.

वाघोलीत सोबती कोण? पांढरा किंवा फिकट पीच रंगाचा स्टिल्बाइट सर्वांत जास्त, मग ह्यूलँडाइट, कॅल्साइट, अपोफिलाइट, क्वार्ट्झ, कापसासारखा मॉर्डेनाइट. कॅव्हन्साइट बहुतेक वेळा स्टिल्बाइटच्या स्फटिकांवर किंवा त्यांच्यामधल्या फटीत बसलेला असतो, म्हणजे तो उशिरा आलेला पाहुणा आहे.

ओळख

रंग आकाशी ते गडद निळा, कधी हिरवटाकडे झुकणारा. चकाकी काचेसारखी. आकार म्हणजे मध्यापासून बाहेर फाकलेल्या पात्यांचा गोळा किंवा गेंद. काही मिलिमीटरपासून एक-दीड सेंटिमीटरपर्यंत. १० पटीच्या भिंगाखाली पाती वेगवेगळी दिसली पाहिजेत. गोळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा रंग फासल्यासारखा वाटला तर थांबावे.

कठीणपणा ३ ते ४, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. पण ही चाचणी चांगल्या नमुन्यावर करू नये. पाती इतकी बारीक असतात की ओरखडा उठण्याऐवजी ती मोडतात, आणि उत्तर मिळत नाही ते नाहीच. घनता २.२ ते २.३, स्टिल्बाइटपेक्षा किंचितच जास्त. अझुराइटची ३.८ च्या आसपास असते, त्यामुळे सुटा गोळा हातात घेतला तरी अझुराइट जड लागतो. आणखी पक्के हवे असेल तर सुट्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. अझुराइट फसफसतो, कॅव्हन्साइट नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे गोळ्याखालचा कॅल्साइट फसफसतो आणि दोष गोळ्यावर जातो. म्हणून तुकडा आधी बैठकीपासून पूर्ण सुटा आहे ना, ते भिंगाखाली पाहावे.

ध्रुवण सूक्ष्मदर्शक, म्हणजे ध्रुवित प्रकाशात पाहण्याचा सूक्ष्मदर्शक, उपलब्ध असेल तर काम सोपे. पात्याचा एक कण काचपट्टीवर ठेवून फक्त खालचा ध्रुवक लावावा आणि पीठिका फिरवावी. निळा रंग एका दिशेत गडद, तिच्या काटकोनात जवळजवळ नाहीसा होतो. रंग फासलेल्या किंवा शोषवलेल्या नकली तुकड्यात असे होत नाही.

पेंटॅगोनाइट मात्र खरोखर त्रास देतो. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी: कॅव्हन्साइटच्या सिलिकेट थरात चार आणि आठ चतुष्फलकांची (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशा एककांची) कडी असतात, पेंटॅगोनाइटमध्ये सहांची. रासायनिक विश्लेषण कितीही महागडे केले तरी दोन्हींचे उत्तर एकच येते, त्यात पैसे घालू नयेत. नजरेने अंदाज असा: कॅव्हन्साइट दाट गेंद करतो, पेंटॅगोनाइट लांब, विरळ, टोचऱ्या सुया. पेंटॅगोनाइटच्या जुळ्या स्फटिकाचा आडवा छेद पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसतो, नाव त्यावरूनच पडले. चांदणी दिसली तर प्रश्न मिटला. नाही दिसली तर काही सिद्ध होत नाही, कारण कॅव्हन्साइटही कधीकधी विरळ फुटतो.

अशा वेळी अपवर्तनांक मोजावा. कॅव्हन्साइटचे तीन अंक १.५४२, १.५४४, १.५५१, पेंटॅगोनाइटचे १.५३३, १.५४४, १.५४७. १.५३८ चे तेल घेऊन त्यात चुरलेले कण ठेवावेत. कॅव्हन्साइटचा कण कसाही पडला तरी त्याचा अंक तेलापेक्षा वरचढच राहतो. पेंटॅगोनाइटच्या काही कणांचा अंक काही दिशांत तेलापेक्षा खाली येतो. दहाबारा कण तरी तपासावेत, एकदोनवर निकाल देऊ नये. क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपट मिळाला तर वाद उरतच नाही.

चिकटवलेला माल

बाजारात सुटे गोळे स्वस्त, दगडावर बसलेले महाग. एवढ्यावरून पुढचे कळावे. फेविक्विक आणि इपॉक्सी यांच्या जोरावर रिकाम्या स्टिल्बाइटवर निळे गोळे उगवतात. गोळा खरा, स्टिल्बाइट खरा, जोडी खोटी. अशा नमुन्यात शिकण्यासारखे काही उरत नाही, कारण कोण आधी आणि कोण नंतर वाढला हेच पुसले जाते.

तपासणी संपर्करेषेवर करावी. खऱ्या बैठकीत गोळ्याच्या बुडाशी स्टिल्बाइटची पाती थोडी आत शिरलेली असतात, आसपास मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक निळे ठिपके विखुरलेले असतात. एकच मोठा गोळा आणि भोवती निळ्याचा मागमूस नाही, तर संशय घ्यावा. गोळ्याखालचा स्टिल्बाइट ताजा तुटलेला असेल तर संशय नव्हे, खात्रीच समजावी: पोकळीत वाढणारा स्फटिक तुटलेल्या जागी कसा बसेल? बुडाशी चकचकीत वळलेली कड, बारीक बुडबुडे, अडकलेले धागे ही गोंदाची लक्षणे.

मग अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च लावावा. कॅव्हन्साइट स्वतः चमकत नाही, बरेच गोंद निळसर पांढरे चमकतात. कॅल्साइटही कधी चमकतो, म्हणून चमक नेमकी कुठे आहे ते पाहावे. संपर्करेषेवर कडे दिसले तर गोंद. सगळेच गोंद चमकत नाहीत, त्यामुळे अंधार राहिला म्हणून नमुना निर्दोष ठरत नाही. विक्रेत्याची परवानगी असेल तर ॲसिटोनमध्ये टोक भिजवलेली काडी बुडाशी दोनतीन मिनिटे टेकवावी. फेविक्विक मऊ पडते. इपॉक्सीला त्याने फारसा फरक पडत नाही. ओकेनाइट या पांढऱ्या खनिजाच्या रंगवलेल्या कापूसगोळ्यांवर हीच काडी फिरवली की रंग काडीवर उतरतो.

दुरुस्ती म्हणजे फसवणूक नव्हे. गोळा सुटून पुन्हा त्याच जागी बसवला असेल आणि तसे लिहिले असेल तर किंमत कमी करून जरूर घ्यावा.

खाणीत जाणार असाल तर

परवानगीशिवाय नाही, आणि एकटे नाही. वाघोली २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. जिथे खाणी होत्या तिथे आता वस्ती येऊन भिडली आहे. चालू खाणीत शिरस्त्राण, जाड तळाचे बूट आणि डोळ्यांना चष्मा. उभ्या कड्याखाली थांबू नये. वायरीचा तुकडा दगडातून बाहेर आलेला दिसला तर हात न लावता मागे फिरून खाणीवरच्या माणसाला सांगावे, न फुटलेला सुरुंग असू शकतो.

पोकळी दिसली तर गोळ्याजवळ छिन्नी लावू नये. हातोड्याचा धक्का दगडातून पोहोचतो आणि गोळा समोरच्या बाजूने उडतो. चारी बाजूंनी किमान चार बोटे दगड ठेवून काढावे आणि बारीक करण्याचे काम घरी करावे, तेही स्क्रू-दाबयंत्राने. घाव घालून नाही.

धुणे

आधी मागच्या बाजूचा एक कोपरा पाण्यात दोन मिनिटे बुडवून पाहावा. ब्रेशियात फुगणारी चिकणमाती असते. कोपरा भुसभुशीत झाला, पाणी गढूळ होऊन कण सुटले, तर तो नमुना पाण्यात घालायचाच नाही. त्यावर छायाचित्रकार लेन्ससाठी वापरतात ती रबरी फुंकणी आणि मऊ ब्रश, एवढ्यावर भागवावे. कॉम्प्रेसरची हवा पाती उडवते.

दगड पक्का निघाला तर आरओचे साधे, थंड पाणी एक लिटर, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोनतीन थेंब. नमुना १० मिनिटे ठेवावा, मग मऊ ब्रशने दगडाची बाजू घासावी. गोळ्याला ब्रश लावायचा झाल्यास बुडाकडून टोकाकडे, पात्यांच्या दिशेने. आडवा फिरवला की पाती मोडतात आणि तिथे कायमचा फिकट ठिपका राहतो. नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत तीन वेळा पाणी बदलावे. पात्यांमध्ये साबण उरला तर वाळल्यावर पांढरी साय दिसते. बोअरचे पाणी वापरल्यास क्षारांची तीच गत.

सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात एक दिवस वाळू द्यावे. हेअर ड्रायर, ओव्हन, कडक ऊन नको: ते १६ टक्के पाणी रचनेचाच भाग आहे, आणि सोबतचे झिओलाइटही पाणी धरून असतात. तापवल्याने ते निघू लागते, स्फटिक तडकतात. अल्ट्रासॉनिक यंत्रही नको, त्यात गेंद पात्यापात्याने सुटतो.

आम्लाचा मोह फार होतो, विशेषतः गोळ्यावर कॅल्साइट चढला असेल तर. हायड्रोक्लोरिक आम्ल कॅल्साइट खाते खरे, पण स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि अपोफिलाइट यांचीही वाट लावते. चकाकी जाऊन ते पिठूळ होतात. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरले तर कॅल्साइटवर कॅल्शियम ऑक्झॅलेटची पांढरी पुटे चढतात, ती डागापेक्षा वाईट दिसतात. थोडा गंज राहू द्यावा.

सुटलेला गोळा परत बसवायचा असेल तर संग्रहालये वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेचे चिकटद्रव्य घ्यावे. ॲसिटोनमध्ये ते पुन्हा विरघळते, म्हणून चूक दुरुस्त करता येते. फेविक्विक पात्यांमध्ये शोषले जाते आणि निळा रंग ओला, काळपट दिसतो.

ठेवणे, पाठवणे

गोळ्याला काहीही टेकू नये. कापूस तर अजिबात नाही, त्याचे धागे पात्यांत अडकतात आणि काढताना पाती सोबत येतात. दगडाचा तळ डबीच्या तळाला पुट्टीने घट्ट करावा. पुट्टी तेल सोडणारी नसावी, सच्छिद्र दगड तेल वर ओढतो. झाकण आणि गोळ्यात बोटभर अंतर. अशी डबी मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर धक्का शोषणारे मऊ सामान भरून. खोके हलवल्यावर आत काही सरकल्याचे जाणवले तर पुन्हा बांधावे.

चिठ्ठी नमुन्याच्या दगडाला, गोळ्यापासून दूर, आणि डबीतही अशी दोन ठिकाणी लावावी: खनिज, सोबतची खनिजे, गाव, खाण माहीत असल्यास खाण, काढल्याचे किंवा घेतल्याचे वर्ष, दुरुस्ती केली असल्यास कुठे आणि कशाने. जुन्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ लिहिलेले असले तरी ती फाडू नये, नव्या चिठ्ठीमागे जोडून ठेवावी. मोठे, न चिकटवलेले नमुने कसे दिसतात याची नजर बसवायची असेल तर नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. तिथे प्रत्येक काचेसमोर गोळ्याच्या बुडाशी पाच मिनिटे नजर ठेवून उभे राहावे.