इंग्रजी बातमीतलं ‘हिट’ कसं वाचायचं

इंग्रजी पेपरात ‘हिट’ दिसलं की लगेच ‘मारलं’ असं धरू नका, आधी पुढे काय आलंय ते बघा. पुढे आकडा असेल तर तिथवर पोचला, २१ जानेवारी २०२१ ला सेन्सेक्स पहिल्यांदा ५० हजारांवर गेला तसं. वादळ आणि पुढे किनारा असेल तर धडकलं, जसं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलं. ‘हिट द स्ट्रीट्स’ म्हणजे लोक रस्त्यावर उतरले, आणि ‘हिट आउट अ‍ॅट’ म्हणजे नुसतं तोंडसुख घेतलंय, हात कोणीच उचललेला नसतो (नेत्यांच्या बातम्यांत हे रोजचंच).

खरी गोची ‘ट्रेन सर्व्हिसेस हिट अ‍ॅज ट्रॅक्स फ्लड’ सारख्या हेडिंगात होते, कारण जागा वाचवायला ‘हिट’च्या आधीचं ‘आर’ (are) गाळलेलं असतं आणि वाटतं गाड्याच कशाला तरी धडकल्या. ‘हिट’च्या पुढे कर्म नसेल किंवा ‘बाय’ असेल तर सरळ ‘फटका बसला’ असं वाचा. कर्ता एकवचनी असून ‘हिट्स’ऐवजी नुसतं ‘हिट’ असेल, जसं ‘पॉवर सप्लाय हिट’, तरी बहुतेक वेळा तेच.