दसऱ्याचा झेंडू दिवाळीच्या दारात

आमच्याकडं घटावर रोज एक माळ चढते. पहिल्या दिवशी विड्याच्या पानांची, पुढं कारळ्याच्या पिवळ्या फुलांची, तिळाच्या फुलांची, झेंडूची. आधीची माळ काढायची नाही, हा आत्याबाईंचा दंडक. खंडेनवमीला बघावं तर खालच्या माळा वाळून कुरकुरीत झालेल्या असायच्या, पण झेंडूचा केशरी रंग होता तसाच. मला फुलं वाळवायचं खूळ लागलं ते त्या माळांकडं बघून. अर्थात घटाच्या माळांना मी हात लावत नाही. देवाला वाहिलेलं ते निर्माल्य. वाळवायची ती घरामागच्या परड्यातली, न वाहिलेली फुलं.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत ब्लाऊज शिवते. दसरा ते दिवाळी म्हणजे आमची शिलाईची घाई, त्यामुळं रोज उठून निगा राखावी लागेल असलं काही मला जमत नाही. हे जमतं, कारण पंचांगच आपल्या बाजूचं आहे. दसऱ्यापासून धनत्रयोदशी अठरा दिवसांवर येते आणि झेंडूला सावलीत नीट वाळायला साधारण तेवढेच दिवस लागतात. दसऱ्याला टांगायचं, धनत्रयोदशीला उतरवायचं. मधे फक्त ऊन आणि ओल या दोन्हींपासून जपायचं.

या दोन्हींनी मला शिकवलंय. पहिल्या वर्षी माळ स्वयंपाकघरात फळीला टांगली. उकडीची आणि डाळीची वाफ लागून आठव्या दिवशी फुलांना पांढरी बुरशी आली. दुसऱ्या वर्षी शहाणपण करून गच्चीवर कडक उन्हात टाकली. वाळली झटक्यात, पण रंग उडून जुन्या फडक्यासारखी दिसायला लागली, वर परतीच्या पावसानं उरलंसुरलं भिजवलं. आता माडीवरच्या खोलीत टांगते. वर कौलं, त्यामुळं ऊब असते. उजेड कमी आणि दोन बाजूंनी वारा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जाड पडदा ओढलेली खोली धरावी आणि पाऊस पडत असेल तर पंखा हळू लावून ठेवावा. न्हाणीघराजवळची भिंत नको.

आता झेंडू. फूल सकाळी नऊच्या पुढं, दव उडाल्यावर तोडायचं. पूर्ण फुललेलं पण मऊ न पडलेलं. महाद्वार रोडवर दसऱ्याच्या संध्याकाळी ढिगानं स्वस्त मिळतो तो झेंडू मोहात पाडतो, पण तो दिवसभर पोत्यात दबलेला आणि पाणी मारलेला असतो. वाळवायला नको.

झेंडूची खरी गोम पाकळ्यांत नाही, खालच्या हिरव्या पेल्यात आहे. पाकळ्या चार दिवसांत कागदासारख्या होतात, पेला मात्र आत ओलाच राहतो आणि बुरशी तिथूनच धरते. म्हणून सुई देठाच्या बाजूनं घालून पेल्याच्या बरोबर मधून वर काढायची. भोक पडलं की आतल्या ओलीला वाट मिळते. सुई गोधडीची, दोरा दुहेरी. दोन फुलांत बोटभर जागा सोडा, आपल्या नेहमीच्या तोरणासारखी खच्चून ओवू नका. आणि दोन दिवसांआड प्रत्येक फूल दोऱ्यावर जरासं पुढं-मागं सरकवा, नाहीतर फूल वाळताना दोऱ्याला चिकटतं आणि नंतर ओढलं की फाटतं. पाच मिनिटांचं काम आहे. मी रात्री मशीन बंद केल्यावर करते.

वाळलं की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. पेल्यावर अंगठ्याचं नख दाबायचं. नख रुतलं तर आणखी तीन दिवस. कडक लागलं आणि फूल कानाशी नेऊन हलकं दाबल्यावर चुरचुर वाजलं की झालं. तोरण करायचं असेल तर माळ आधीच दाराच्या मापाची ओवून ठेवा, कारण वाळलेल्या झेंडूत नवी सुई घातली की त्याचा चुरा होतो.

माझं म्हणणं, पहिल्या वर्षी झेंडूच्या आधी कुरडू घ्या. पावसाळा संपता संपता शेताच्या बांधावर गुलाबी-पांढरे तुरे दिसतात ते. शेतकऱ्याला ते तण, विचारून तोडलं तर कोण नाही म्हणत नाही. याचाच बागेतला भाऊबंद म्हणजे कोंबडा, लालभडक मखमली तुऱ्याचा. दोन्ही जात्याच कोरडी फुलं. पाच-सहा देठांची जुडी करून उलटी टांगायची, म्हणजे देठ सरळ राहतात. जुडीला दोरा बांधू नका, रबर लावा. देठ वाळून बारीक होतात आणि दोऱ्यातून एकेक गळून पडतात. कोंबडा टांगताना खाली वर्तमानपत्र अंथरा. काळं चकचकीत बी पडतं, ते पुढच्या पावसाळ्याला येतं.

शेवंती अर्धी उमललेली असतानाच तोडा, नाहीतर वाळल्यावर पाकळ्या झडतात. मोगरा आणि निशिगंध यांच्या नादाला लागू नका, तपकिरी पडतात. लाल गुलाब काळपट होतो, गुलाबी देशी गुलाब छान राहतो, पण तो टांगून नाही, वाळूत.

वाळू नदीची, बारीक. तीन-चार पाण्यांतून धुवून, कढईत भाजून, पूर्ण गार करून, चाळून घ्यायची. (पिठाची चाळणी वापरली तर घरात काय होतं ते मी सांगत नाही.) बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोन बोटं वाळू, त्यावर फूल उभं, आणि मग चमच्यानं कडेकडेनं वाळू सोडत जायची. वरून ओतली की पाकळ्या चपट्या झाल्याच म्हणून समजा. फूल पूर्ण बुडलं की डबा उघडाच ठेवून दोन-तीन आठवडे विसरायचा. काढतानाही फूल ओढायचं नाही, डबा कलता करून वाळू ओघळू द्यायची. पाकळ्यांवरचे कण रंगाच्या मऊ ब्रशनं झाडा.

लोंब्या आणि उसाचा तुरा ही आपल्या भागाची खास चीज. भाताच्या लोंब्या तोरणात असतातच. जरा हिरव्या असताना कापल्या तर दाणे गळत नाहीत. टांगताना उंदरांचा विचार करा, मी केला नव्हता. उसाला तुरा आला की वाढ थांबते, म्हणून शेतकरी तोंड वाकडं करतो. आपण मात्र तो उंच फुलदाणीत ठेवायचा. नुकता बाहेर पडलेला चंदेरी तुरा घ्यायचा. पिसारा पूर्ण फुलला की घरभर म्हातारी उडते. वर थोडा हेअर स्प्रे मारला तर धरून राहतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाळलेली फुलं म्हणजे सरपण. पणतीपासून, आकाशकंदिलाच्या तापणाऱ्या बल्बपासून तोरण हातभर लांब ठेवा. आमच्याकडं पणत्या उंबऱ्याशी लागतात, म्हणून हे तोरण बाहेरच्या दाराला नाहीच, देवघराच्या खोलीच्या चौकटीला असतं. तोरण लावते त्या दिवशी मधे आंब्याची ताजी पानं खोवते.

दसरा चौकात सोनं लुटलं जातं त्या संध्याकाळी हे माझ्यासाठी आपट्याची चार पानं घेऊन येतात. फांदी नाही, चारच पानं. ती जुन्या वर्तमानपत्रात घालून वर शिलाईच्या कापडाचा गठ्ठा ठेवते आणि दोन दिवसांनी कागद बदलते. गुळगुळीत मासिकाचा कागद घेऊ नका, तो ओल पीत नाही. दहा-बारा दिवसांत पान सपाट, फिकट हिरवं होतं. माझा भाऊ पुण्याला असतो, दसऱ्याला त्याला कधीच येता येत नाही. भाऊबीजेला आला की ओवाळणीच्या ताटात एक पान ठेवते आणि म्हणते, “सोनं घे, उशिरा का होईना.” गेल्या वर्षी त्याच्या पाकिटात मागचं पान तसंच सापडलं, कडेला थोडं मोडलेलं.

तोरण शिमग्यापर्यंत चांगलं दिसतं, पुढं धूळ धरतं. तेव्हा उतरवून फुलं परड्यातल्या खतात टाकते. त्यातली दोन मात्र बाजूला ठेवते, बियांसाठी. संकरित झेंडूचं बी तसंच फूल देईल असं नाही, देशी गोंड्याचं देतं. पहिला पाऊस झाला की चुरून विहिरीच्या कडेनं टाकायचं.