अध्ययन अक्षमतेच्या शाळेत जाताना : ठाणे-नवी मुंबईतील नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या खास शाळेत नाव घालायचे ठरले की घरातील मोठ्यांना नातेवाइकांची आणि पुढच्या दहावीची काळजी लागते. मुलाला मात्र एवढेच जाणून घ्यायचे असते की तिथे दिवसभर आपल्याला काय करायला लावणार आहेत. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक माहितीपत्रकांत मिळत नाही, म्हणून हे लिहीत आहे. मी पाचवी ते आठवी नवी मुंबईतील अशा एका शाळेत शिकले, दहावी मुक्त विद्यालयातून दिली, पदवी घेतली आणि आता ऐरोलीतील एका कंपनीत मालाच्या आवक-जावकीच्या नोंदी पाहते. माझी अडचण वाचन आणि लेखनाची आहे. ती आजही आहे, परंतु तिच्यासह काम कसे करायचे हे मला त्या शाळेने शिकवले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्यावरून पालकांची पुष्कळ धावपळ होते. आपल्याकडे ‘विशेष शाळा’ म्हटले की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा डोळ्यांसमोर येते. अध्ययन अक्षमता ही वेगळी गोष्ट आहे. मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, पण वाचणे, लिहिणे किंवा आकडेमोड यांपैकी एखादे कौशल्य, रीतसर शिकवूनही आणि मेहनत करूनही, वयाच्या मानाने फार मागे राहते. डिस्लेक्सिया (वाचन), डिसग्राफिया (लेखन) आणि डिसकॅल्क्युलिया (आकडेमोड) ही त्याची परिचित नावे आहेत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या 21 प्रकारच्या अक्षमतांना मान्यता दिली, त्यांत हिचा समावेश आहे. त्यामुळे शाळेत चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, की येथे केवळ अध्ययन अक्षमतेची मुले आहेत का, आणि नसल्यास त्यांच्यासाठी वेगळे वर्ग व वेगळे शिक्षक आहेत का. विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. कोठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर नवी मुंबईकरांना वाशी येथील महानगरपालिकेच्या ईटीसी केंद्रात, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात, जाऊन विचारता येते.

प्रवेशापूर्वी मूल्यमापन करून घ्यावे लागते. प्रथम डोळे आणि कान तपासतात, कारण कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे हे अभ्यासात मागे पडण्याचे साधे कारण असू शकते. त्यानंतर बुद्ध्यंक चाचणी होते आणि मग वाचन, लेखन व गणित यांची इयत्तावार चाचणी होते. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या महापालिका रुग्णालयांत ही सोय आहे, आणि ठाण्याहून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने शीव गाठता येत असल्याने आमच्या बाजूची पुष्कळ मुले तिथेच जातात. जाताना मागच्या प्रगतिपुस्तकांबरोबर मुलाच्या वर्गातल्या वह्या न्याव्यात, आणि त्या जशा आहेत तशाच न्याव्यात. आईने घरी बसून नीट उतरवून घेतलेली वही तिथे निरुपयोगी असते. मूल कोणत्या अक्षराला अडखळते, ओळ कोठे सोडते, फळ्यावरून उतरवताना काय गाळते, हेच त्यांना पाहायचे असते. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्रासाठी मूल आठ वर्षांचे व्हावे लागे आणि 14 व्या व 18 व्या वर्षी फेरतपासणी होई; त्या सूचनांच्या जागी 2024 मध्ये नव्या सूचना आल्या, म्हणून सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्यावा. फेरतपासणीच्या तारखा घरात कोठेतरी ठळक लिहून ठेवाव्यात, कारण 14 वे वर्ष नेमके आठवी-नववीत येते आणि दहावीच्या सवलतींच्या वेळी जुने प्रमाणपत्र चालत नाही. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, याचा अर्जही त्याच सुमारास करून टाकावा.

आता प्रत्यक्ष वर्गाविषयी. तिथे इयत्ता नावापुरती असते. भाषेच्या तासाला मुलांचे गट त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे पाडतात आणि गणिताच्या तासाला हेच गट बदलतात, त्यामुळे सहावीतला मुलगा चौथीतल्या मुलीशेजारी बसलेला दिसला तर बिचकू नये. गट लहान असतात आणि प्रत्येकासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो, ज्यात पुढच्या काही महिन्यांत नेमके काय साधायचे आहे ते लिहिलेले असते. पालकांनी हा आराखडा मागून घेऊन वाचावा. त्यात ‘वाचन सुधारणे’ असे मोघम लिहिलेले असेल तर थांबून विचारावे. ‘रफार असलेले दोन-तीन अक्षरी शब्द न थांबता वाचणे’ असे लिहिलेले असेल, तर शिक्षकाने मुलाकडे नीट पाहिले आहे असे समजावे.

रफाराचे उदाहरण मी मुद्दाम दिले. देवनागरी लिपी उच्चाराप्रमाणे चालते असे सगळेच सांगतात आणि ते बहुतांशी खरेही आहे, पण आमच्यासारख्या मुलांची गाडी जिथे ती तशी चालत नाही तिथेच अडते. ‘पूर्व’ म्हणताना र आधी येतो आणि व नंतर, पण लिहिताना तो र व च्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून मी तो शब्द ‘पूवर’ असा वाचत असे. पहिल्या वेलांटीचे याच्या उलट आहे. तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो, पण ती कागदावर व्यंजनाच्या आधी काढावी लागते. ‘दिवस’ लिहिताना मी द काढून मोकळी होत असे, मग वेलांटी आठवे आणि ती पुढच्या अक्षराला लागून ‘दविस’ तयार होई. सामान्य शाळेत यावर लाल शाईने गोल करून शब्द दहा वेळा लिहायला सांगत आणि मी तो दहाही वेळा तसाच लिहीत असे.

खास शाळेत हे वेगळ्या रीतीने घेतात. बाईंनी ताटात रवा पसरला, मला बोटाने आधी वेलांटी काढायला लावली, ती काढताना ‘इ थांबली आहे’ असे मोठ्याने म्हणायला लावले, मग तिच्याखाली द काढून दोन्ही मिळून ‘दि’ म्हणायला लावले. डोळा, कान, जीभ आणि बोट यांना एकाच वेळी कामाला लावायचे, हे या पद्धतीचे सूत्र आहे. इंग्रजीसाठी ही पद्धत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली आणि आज जगभर तिचीच निरनिराळी रूपे वापरली जातात. ताटातून वाळूच्या कागदावर, तिथून चौकटीच्या वहीत आणि मग साध्या वहीत, असा तो प्रवास होतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या कधीही एकाच दिवशी शिकवत नाहीत. एक पक्के झाल्याशिवाय दुसरे समोर येत नाही. वाचताना ओळ सुटू नये म्हणून जाड कागदाला एका ओळीपुरती खिडकी कापलेली असते आणि ती पानावरून सरकवत वाचायचे असते. मला ती खिडकी इतकी सवयीची झाली की महाविद्यालयातही मी ती पुस्तकात ठेवत असे.

नव्या विद्यार्थ्याने हे आधीच जाणून असावे, की हे काम संथ आणि पुष्कळदा कंटाळवाणे असते. जे येते आहे असे वाटते, तेच पुन्हा करून घेतात. पहिल्या सहामाहीत गुणांमध्ये फरक दिसला नाही म्हणून मुलाला शाळेतून काढण्याची घाई करणारे पालक मी पाहिले आहेत, आणि मला त्या मुलांविषयी फार वाईट वाटते, कारण पाया भरून होण्याच्या आधीच त्यांचे काम थांबले.

गणिताची गोष्ट वेगळी आहे. मराठीत ‘पस्तीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र तीन आधी, म्हणून कितीतरी मुले 35 ऐकून 53 लिहितात. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येते आणि लिहायचे असते 39. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ (एकवीस), ‘वीस दोन’ (बावीस) अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा मराठीची रूढ संख्यानावे मोडीत निघतील अशी तिच्यावर बरीच टीका झाली. भाषेच्या अभिमानाचा मुद्दा मला समजतो, परंतु ज्या वर्गात मी बसले होते तिथल्या मुलांसाठी ती पद्धत खरोखर उपयोगी आहे असेच माझे मत आहे. आमच्याकडे दशकाच्या काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या यांच्यावर बराच काळ काम चालत असे, आणि रूढ नावे नंतर शिकवत.

अक्षर सुधारण्यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ असतात. पेन्सिल धरण्याची रीत, खांद्याची ताकद, बसण्याची पद्धत हे सगळे ते पाहतात. शुल्क खासगी शाळांत बरेच असते आणि उपचारांचे पैसे अनेकदा वेगळे घेतात, म्हणून आकडा लेखी घ्यावा.

ठाण्याहून नवी मुंबईत शाळेसाठी ये-जा करणाऱ्यांनी प्रवासालाही अभ्यासाचाच भाग मानावे. ठाणे स्थानकात वाशी, नेरूळ आणि पनवेलच्या गाड्या एकाच बाजूच्या फलाटांवरून सुटतात आणि तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात. तिथून वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते आणि बाकीच्या जुईनगरकडे. फलाटावरचा दर्शक वाचणे ही ज्याला रोजची परीक्षा वाटते, त्या मुलासाठी आमच्या शाळेत स्थानकांच्या नावांची कार्डे केली होती. रबाळे आणि घणसोली मी आधी कार्डावर वाचले आणि मग गाडीच्या खिडकीतून.

मुलाला आपल्या अडचणीचे नाव सांगावे की नाही, यावर पालकांत मतभेद असतात. माझे मत ठाम आहे : सांगावे, आणि शाळा बदलण्यापूर्वीच सांगावे. ‘तिथे लक्ष जास्त देतात’ एवढ्यावर भागवले तर मूल स्वतःच त्याचा अर्थ लावते, आणि तो अर्थ बहुधा ‘मी ढ आहे’ असाच असतो. माझ्या बाबांनी मला अहवाल समोर ठेवून, कोणत्या चाचणीत मी पुढे आहे आणि कोणत्या चाचणीत मागे, हे दाखवले होते. इमारतीतल्या मुलांनी शाळेवरून चिडवले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे काहीतरी होते.

सातवी-आठवीच्या सुमारास पुढचा मार्ग ठरवावा लागतो. काही मुले सामान्य शाळेत परत जातात आणि राज्य मंडळाची दहावी देतात. तिथे जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, तसेच गणिताच्या जागी सातवीच्या स्तराचे गणित व जोडीला कार्यानुभवाचा विषय, अशा सवलती मिळू शकतात. त्या आपोआप मिळत नाहीत. शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जावा लागतो, आणि आपले मुंबई विभागीय मंडळ वाशीतच असल्याने पाठपुरावा करणे आपल्याला तुलनेने सोपे आहे. ज्यांचा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जातो, त्यांना किमान पाच विषय निवडता येतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा असते, आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहून उरलेले विषय पाच वर्षांत सवडीने देता येतात. घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना 20 टक्के गुण असतात. मी हा मार्ग घेतला, कारण मला एका वेळी दोनच विषय झेपत होते. पुढे महाविद्यालयात कोणी त्या गुणपत्रिकेला कमी लेखले नाही. परंतु गणित आणि विज्ञान यांतील कोणते विषय सोडता आहात याचा अकरावीच्या शाखेवर परिणाम होतो, म्हणून विषय निवडताना आधी आवडीची शाखा ठरवावी आणि मग अर्ज भरावा.

दोन्ही मार्गांवर लेखनिक घ्यायचा असेल तर त्याची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्याला विषय येत नसतो, आणि तुम्ही जे बोलाल तेच तो लिहितो. उत्तर मनात पूर्ण तयार करणे, ते वाक्यावाक्याने सांगणे, परिच्छेद कोठे पाडायचा आणि कोणत्या शब्दाखाली रेघ मारायची हे सांगणे, आकृतीतली नावे कोणत्या बाजूला हवीत हे बोलून दाखवणे, हे सगळे सरावाने येते. आमच्या बाईंनी आठवीपासूनच चाचण्या अशा घेतल्या होत्या. शाळा हे करत नसेल तर शेजारचे सातवी-आठवीतले एखादे मूल गाठावे, दर आठवड्याला एका धड्याची प्रश्नोत्तरे त्याच्याकडून लिहून घ्यावीत, आणि घड्याळ लावूनच लिहून घ्यावीत, कारण बोलून लिहवण्यास किती वेळ लागतो याचा अंदाज पहिल्यांदा प्रत्येकाचाच चुकतो.