बुडणारी माशी तरंगली

आमच्या भंडाऱ्याकडं वैनगंगेत ट्राउट मासळी नाही. तिला थंडगार पाणी लागतं. हिमाचलच्या तीर्थन नदीत ती धरायला मेफ्लाय या पाणकिड्यासारखी नकली माशी मात्र मी इथं गावातच, गळावर पिसं गुंडाळून बांधतो. १४ नंबरच्या बारीक गळावरची माशी पाण्यात पडली की कलंडायची, मग बुडायची. दोष पिसाचा. कोंबडीचं पीस मऊ, पाणी पितं. जुन्या गावरानी कोंबड्याच्या मानेचं घेतलं: तंतू ताठ, चकचकीत, बोटाला टोचणारे. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक ते दांडी अंतराच्या, दीडपट. शेपटीलाही तेच तंतू, गळाच्या सरळ दांडीएवढे, पंख्यासारखे फाकवून. खऱ्या मेफ्लायलाही दोन-तीन लांब शेपट्या असतात. आता परातीतल्या पाण्यात पंख वर करून उभी राहते. तीर्थनला संथ पाण्यात ट्राउटनं ती वरच्यावर उचलली! फेकण्याआधी व्हॅसलीन चोळा, पण अगदी नखभर. जास्त झालं की तंतू चिकटतात.