हरणाच्या रायफलचा झिरो: १०० यार्ड की २००?

मी दादरला पोरांना दहा मीटर एअर रायफल शिकवते. तिथे झिरो (म्हणजे स्कोप असा जुळवणं की ठरावीक अंतरावर गोळी बरोबर नेमावर बसेल) किती अंतरावर ठेवायचा हा प्रश्नच नसतो, टार्गेट जागचं हलत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे (माझ्या मते बरंच झालं), पण भाचा विस्कॉन्सिनला असतो आणि नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या हंगामात रीतसर परवाना काढून हरणाच्या मागे जातो. "मावशी, १०० वर झिरो करू की २०० वर?" हा त्याचा प्रश्न. तिकडे अशी पोरं बरीच आहेत, म्हणून आम्ही फोनवर जे केलं ते इथे लिहिते.

गोळीचा मार्ग काढून देणारं जेबीएम किंवा हॉर्नेडीचं कॅल्क्युलेटर फुकट आहे, तेवढं पुरतं. त्याची रायफल .३०८ विंचेस्टर, गोळी १५० ग्रेन वजनाची, बीसी (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) ०.३३८. हा आकडा जी-१ चा, म्हणजे साध्या आकाराच्या प्रमाण गोळीशी तुलना करून काढलेला आहे, त्यामुळे मॉडेलही जी-१ च निवडा. चुकून जी-७ (लांब, निमुळत्या गोळीचं मॉडेल) राहिलं तर सॉफ्टवेअर तुमची साधी गोळी भलतीच सुळसुळीत समजेल आणि ३०० यार्डांवरचा आकडा सुखावह खोटा येईल. वेग खोक्यावर २८२० फूट प्रति सेकंद लिहिलाय, पण तो २४ इंची नळीचा. नळी २० इंची असेल तर ८० ते १०० फूट कमी धरा, क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तमच. स्कोपची उंची नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजा. त्याची दीड इंच निघाली.

आता झिरो बदलून तक्ता बघा. १०० वर झिरो केला तर गोळी २०० यार्डांवर ४ इंच आणि ३०० वर १५ इंच खाली जाते. २०० वर केला तर १०० ला २ इंच वर आणि ३०० ला सुमारे ९ इंच खाली.

मग ते 'पॉइंट ब्लँक रेंज'चं (नेम न बदलता किती लांबपर्यंत मारता येईल ते सांगणारं) बटण येतं आणि पोरं तिथेच भुलतात. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण ८ इंचांचा. भाच्यानं जरा सावधपणे ६ इंच व्यास टाकला, म्हणजे गोळी नेमाच्या ३ इंच वर-खालीच राहावी (काही ठिकाणी त्रिज्या विचारतात, ते वाचून घ्या). उत्तर आलं: २२५ वर झिरो, २६५ यार्डांपर्यंत नेम न बदलता मारा. स्वारी खूश!

मी विचारलं, झाडाला टेकून बसल्यावर तुझं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांचा पसारा, किती? १०० यार्डांवर अडीच इंच. सॉफ्टवेअरला हे कुठे माहीत आहे? त्याच्या लेखी प्रत्येक गोळी रेषेवरूनच जाते. २२५ च्या झिरोत गोळी १२५ यार्डांच्या आसपास ३ इंच वर असते. तिथे ग्रुपिंगचा अर्धा पसारा दीड इंचाचा, म्हणजे साडेचार इंच. आठ इंचांच्या भागाच्या मध्यावर नेम धरला तर हद्द चार इंचांची, ती ओलांडली. आणि जंगलात हरीण दिसतं ते बहुतेक याच अंतरात! लांबच्या ४० यार्डांच्या हव्यासापायी जवळची गोळी वाया घालवायची, हा व्यवहार मला पटत नाही.

तोच हिशेब २०० च्या झिरोला लावला. मधली उंची २ इंचांच्या जरा वर, पसारा धरूनही चार इंचांच्या आत. शेवटी २२० यार्डांवर खालच्या बाजूची हद्द गाठली जाते. त्याच्यापुढे मारायचं नाही, हे मी त्याला दोनदा बजावलं. तुमचं ग्रुपिंग याहून ढिलं असेल तर झिरो आणि हद्द, दोन्ही जवळ आणा.

थंडीची काळजी लोक उगाच करतात. ऑगस्टात झिरो केलेली रायफल नोव्हेंबरात किंचित खाली मारते, पण २०० यार्डांच्या आत त्यात जीव नाही.

रेंजवर आधी २५ यार्डांवर कागद लावा, गोळी जवळपास नेमावर बसायला हवी. मग १०० वर दोन इंच वर आणा. पाव एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप) स्कोपला चार क्लिक म्हणजे तिथे साधारण एक इंच. २०० यार्डांची रेंज मिळत असेल तर तिथेही मारून बघाच. कागद आणि सॉफ्टवेअर यांचं जुळलं नाही तर कागद खरा, सॉफ्टवेअरमधला वेग त्याप्रमाणे बदला. काडतुसांचं खोकं वेगळ्या कंपनीचं आणलंत तर हे सगळं पुन्हा करावं लागेल.