आंतरवासितेला जाताना टाचणाचं डावं पान मोकळं ठेवा

बी.एड.च्या आंतरवासितेबद्दल, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याच्या आठवड्यांबद्दल, सीनिअर मंडळी सांगतात ते बहुतेक फायलींबद्दल असतं. कुठली फाईल कधी द्यायची, किती पाठांवर सह्या लागतात, अहवाल कसा लिहायचा. ते कॉलेजात कळतंच. मला सांगायचंय ते वर्गात उभं राहायला लागल्यावर आपल्यात काय बदलतं, आणि तो बदल लवकर यावा म्हणून काय करता येतं, त्याबद्दल.

मी खटाव तालुक्यातली, कॉलेज साताऱ्यात, मेथड (अध्यापनाचे विषय) भूगोल आणि मराठी. दोन वर्षांत शाळेत घालवायचे आठवडे २०: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. त्याआधी सूक्ष्म अध्यापन येतं, म्हणजे वर्गमैत्रिणींसमोर घ्यायचे छोटे सरावपाठ. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते ऐकायचं), बारा मिनिटांत टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, दुरुस्त करायचं, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं प्रत्याभरण. असं ३६ मिनिटांचं चक्र आणि एका चक्रात एकच कौशल्य. हे मनापासून करा. फलक लेखन, प्रश्न कौशल्य, चेतक बदल (मुलांचं लक्ष टिकावं म्हणून आवाज, हालचाल बदलणं) यांची सवय इथेच लागते, आणि शाळेत गेल्यावर खडू कसा धरायचा याचा विचार करायला वेळ नसतो. फक्त एक लक्षात ठेवा. सूक्ष्म पाठात समोर बसलेल्या मैत्रिणी नववीच्या मुली झालेल्या असतात आणि आपल्याला हवं तेच उत्तर देतात. शाळेतली मुलं तसं देत नाहीत, आणि छात्राध्यापकाचं खरं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

आपल्या टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन (शेवटची उजळणी), स्वाध्याय असं सगळं असतं. एका रकान्यात आपले प्रश्न, शेजारच्या रकान्यात मुलांची अपेक्षित उत्तरं. आदल्या रात्री आपण दोन्ही बाजू स्वतःच लिहितो. त्यामुळे वर्गात त्या रकान्यातलं उत्तर आलं की ‘शाबास’ म्हणून पुढे जायचं, आणि नाही आलं तर ते देणारा मुलगा सापडेपर्यंत विचारत राहायचं, अशी ओढ प्रत्येकाला लागते. मी कॉलेजातल्या जवळपास सगळ्यांचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहिलेत. सुरुवातीला सगळ्यांचे डोळे त्या एका उत्तराच्या शोधात असतात. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्या आठवड्यातच वहीवर सही करता करता सांगितलं, ‘‘टाचण चांगलंय. आता पोरांना बोलू दे की जरा.’’ त्यानंतर मी टाचणाचं डावं पान कोरं सोडायला लागले. उजवीकडे आपला पाठ, डावीकडे मुलं प्रत्यक्षात काय म्हणाली ते, त्यांच्याच शब्दांत.

त्या पानाचा उपयोग कसा होतो, ते नववीच्या ‘वृष्टी’ या पाठावरून सांगते. प्रतिरोध पर्जन्य, म्हणजे डोंगराने वारे अडवल्यामुळे पडणारा पाऊस, शिकवायचं होतं. पुस्तकात आकृती असते: समुद्राकडून येणारे वारे, डोंगर, वाऱ्याकडची बाजू, पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश. साताऱ्यात हा धडा शिकवणारा नशीबवान, कारण ही आकृती आपल्या जिल्ह्यातच आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला माण, तिथे पाचशेच्या आतबाहेर. मी आकृती काढण्याआधीच विचारलं, ‘‘एकाच जिल्ह्यात एवढा फरक का?’’

मधल्या रांगेतून उत्तर आलं, ‘‘मॅडम, माणमध्ये झाडं नाहीत म्हणून.’’ चार-पाच माना हलल्या. हे उत्तर मुलं घरून घेऊन येतात. भिंतीवरच्या घोषणांमधून, भाषणांमधून त्यांच्या कानावर तेच पडलेलं असतं. ‘‘नाही, दुसरं कोण सांगेल?’’ म्हटलं असतं तर ते वर्गात दबलं असतं आणि मुलांच्या डोक्यात तसंच राहिलं असतं. मी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि विचारलं, ‘‘पाचगणीत झाडं आहेत का?’’ आहेत, सगळ्यांनी पाहिलीत, सहल तिथेच जाते. ‘‘मग महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस निम्म्याहूनही बराच कमी कसा?’’

वर्ग गप्प झाला. अशा वेळी आपल्याला ती शांतता सहन होत नाही, आपण घाईने उत्तर सांगून टाकतो. मेरी बड रो या अमेरिकेतल्या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद कागदावर किरकोळ वाटतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, मागे निरीक्षक बसलेले असताना, ते थांबणं फार अवघड जातं. मी मनातल्या मनात आकडे मोजते, तुम्हीही मोजा.

मग खिडकीजवळचा एक मुलगा बोलला. तो माणचा, शिक्षणासाठी मामाकडे राहणारा, एरवी हजेरीपलीकडे तोंड न उघडणारा. म्हणाला, ‘‘आमच्याकडं ढग येत्यात मॅडम, पर पानी वाटेतच सांडून येत्यात.’’ कोणी हसलं नाही. मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याच्या खाली आकृती काढली. वारा वर चढताना थंड होतो, बाष्पाचं सांद्रीभवन होतं, पाणी अलीकडेच पडतं. पलीकडे उतरताना हवा गरम आणि कोरडी होत जाते. पुस्तकातल्या सगळ्या संज्ञा त्या एका वाक्यावर बसल्या. झाडांचं काय, हा प्रश्न त्याच मधल्या रांगेतल्या मुलीने परत काढला, म्हणून पडलेलं पाणी मुरवायला आणि माती धरून ठेवायला झाडं काय करतात तेही बोलता आलं. टाचणातलं संकलन राहून गेलं, ते दुसऱ्या दिवशी घेतलं.

मुलांचं बोलणं प्रमाण मराठीत नाही म्हणून लगेच दुरुस्त करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आधी विचार पूर्ण बाहेर येऊ द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये याच साताऱ्यात ग्रामीण शाळांसाठी शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. गावातलं पोर समजून घेणारा शिक्षक लागतो, ही गरज आजही तेवढीच आहे, आणि आपल्यातले बरेचजण त्याच गावांतून आलेले आहेत.

इतरांच्या पाठांचं निरीक्षण करताना निरीक्षण तक्ता भरून मोकळे होऊ नका. एखादं मूल निवडा आणि पूर्ण तास फक्त त्याच्याकडे पाहा: ते कधी वहीत लिहितं, कधी बाहेर बघायला लागतं, त्याला किती वेळा विचारलं जातं. शाळेत ऑफ तासाला (शिक्षक नसलेल्या वर्गावर) पाठवलं तर कुरकुर करू नका. त्या तासाला टाचण नसतं, निरीक्षक नसतात, मुलं मोकळी असतात. नावं, गावं, घरातली कामं तिथेच कळतात. ऊस तोडणीच्या हंगामात कोण गैरहजर राहणार याचा अंदाजही तिथेच येतो.

वर्ग शांत कसा ठेवायचा, हे सगळे विचारतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला मनाई आहे, तेव्हा कोणी छडी हातात दिली तरी घेऊ नका. नावानं हाक मारता आली की निम्मं काम होतं. बाकांचा आराखडा काढून त्यावर नावं लिहून ठेवा.

जुन्या फायली उतरवून काढण्याची पद्धत सगळीकडे आहे. कृती संशोधनापुरतं, म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीवर आपण करायच्या छोट्या अभ्यासापुरतं, तरी ते करू नका. डाव्या पानांवर एकच चूक वारंवार दिसली की तुमची समस्या तयार असते. माझा विषय पावसाबद्दलच्या मुलांच्या समजुतींवर आहे तो तसाच मिळाला.

परीक्षांचं थोडक्यात. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, त्यामुळे टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) आपला पेपर दुसरा, सहावी ते आठवीचा. १५० पैकी ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. पुढे भरतीसाठी टेट (अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल आहेच. टीईटीत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला ३० गुण असतात. त्यातले बरेच प्रश्न ‘विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं तर तुम्ही काय कराल’ या धाटणीचे असतात. गाईड वाचाच, पण सोबत ती डावी पानंही काढून बसा. मी सध्या तसाच अभ्यास करतेय.